नांदण्याचा हुकूम

डॉ. रखमाबाईंची जयंती २२ नोव्हेंबरला येते. त्या दिवशी त्यांच्याविषयी दोन गोष्टी हमखास सांगितल्या जातात. प्रत्यक्ष व्यवसाय करणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री डॉक्टर, ही एक. ‘नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा’ असे न्यायालयाने फर्मावल्यावर त्यांनी व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिले आणि राणीने त्यांचा विवाह रद्द केला, ही दुसरी. पहिली गोष्ट वादाची आहे, कारण कलकत्त्यात कादंबिनी गांगुली त्यांच्या आधीपासून रुग्ण तपासत होत्या. दुसरी घडलेलीच नाही. तरीही दोन्ही टिकून आहेत, कारण दोन्ही ऐकायला सुखाच्या आहेत. एकीत पराक्रम आहे, दुसरीत न्याय आहे आणि दोन्हींत प्रकरण मिटलेले आहे.

माझे म्हणणे असे की ते मिटलेले नाही. रखमाबाई खटला हरल्या. त्यांनी उभा केलेला प्रश्न न्यायालयाने फेटाळला, सनातन्यांनी त्याला शिव्या घातल्या आणि सुधारकांपैकी बहुतेकांनी तो बदलून सोपा करून घेतला. त्यानंतरची पस्तीसेक वर्षांची डॉक्टरकी म्हणजे कायद्याने नाकारलेले आयुष्य त्यांनी स्वतः उभे केले त्याची हकीकत आहे. हे नीट समजून घ्यायचे तर ‘पहिल्या’ हा शब्द आणि राणी, दोन्ही बाजूला ठेवावी लागतील.

१. दाव्यात नेमके काय होते

रखमाबाईंचा जन्म १८६४चा, मुंबईतला, सुतार ज्ञातीतला. वडील जनार्दन पांडुरंग लवकर गेले. आई जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाल्या. या ज्ञातीत विधवेचे लग्न होत असे. जयंतीबाईंनी पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे केली आणि डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. सखाराम अर्जुन ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणारे नामांकित डॉक्टर, वनस्पतींचे अभ्यासक आणि बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक होते. रखमाबाई या घरात पुस्तकांच्या संगतीत वाढल्या.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न सावत्र वडिलांच्या नात्यातल्या दादाजी भिकाजी या एकोणीस वर्षांच्या मुलाशी लावून दिले गेले. मुलाने घरजावई म्हणून राहावे, शिकावे आणि कर्ता व्हावे, असे ठरले होते. दादाजी शिकले नाहीत. ते मामाकडे राहू लागले, आजारी पडले. रखमाबाई त्यांच्याकडे नांदायला गेल्याच नाहीत. मार्च १८८४ मध्ये दादाजींनी वकिलामार्फत पत्र पाठवले आणि त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. बायकोने आपल्याकडे येऊन नांदावे, एवढीच मागणी होती.

सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. त्यांचा मुद्दा असा होता की दादाजी मागत होते ते दांपत्यहक्कांचे पुनःस्थापन, आणि जे कधी स्थापनच झाले नाही त्याचे पुनःस्थापन कसे करणार? अजाण वयात लग्न लावून दिलेल्या तरुण स्त्रीला तिच्या इच्छेविरुद्ध एखाद्या पुरुषाच्या ताब्यात देणे त्यांना रानटीपणाचे वाटले आणि तसे त्यांनी स्पष्ट म्हटले. १८८६ मध्ये अपिलात मुख्य न्यायमूर्ती सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी हा निकाल उलटवला. हिंदू विवाह विधींनीच पूर्ण होतो, पुढचा सहवास झाला की नाही याला महत्त्व नाही, असे ठरले आणि खटला पुन्हा सुनावणीसाठी आला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंतची कैद. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली.

शेवट जुलै १८८८ मध्ये झाला. दादाजींनी २,००० रुपये घेतले आणि हुकमाची अंमलबजावणी करून घेण्याचा हक्क सोडला. विवाह रद्द झाला नाही, निकालही बदलला नाही. पुन्हा लग्न करण्याची मोकळीक दादाजींना हिंदू पुरुष म्हणून आधीही होती, नंतरही राहिली. रखमाबाई कायद्याच्या नजरेत शेवटपर्यंत त्यांच्या पत्नीच होत्या.

२. राणीची कथा काय झाकते

एप्रिल १८८७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने रखमाबाईंचे एक पत्र छापले. राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षे पूर्ण होत होती, तो धागा धरून त्यात कायदा बदलण्याची विनंती होती. स्वतःपुरती सुटका त्यांनी मागितली नव्हती. मुलगा वीस आणि मुलगी पंधरा वर्षांची होण्याआधी लावलेले लग्न न्यायालयापुढे आले तर ते कायदेशीर मानू नये, असे त्यांचे मागणे होते. धोरणाच्या मागणीचे आपण दयेच्या अर्जात रूपांतर केले आणि त्या अर्जाला वरून मंजुरीही देऊन टाकली.

अशाने नुसती माहिती चुकत नाही. राणीने सोडवले असे म्हटले की व्यवस्थेत न्याय होता, तो फक्त वरच्या पायरीवर होता, असा अर्थ निघतो. प्रत्यक्षात वरच्या पायरीनेच तुरुंगाची धमकी दिली. सुटका झाली ती पैसे मोजून. ज्या मुलीच्या घरात २,००० रुपये नव्हते तिला ही वाटही नव्हती. हा कडवट तपशील राणीच्या कथेत पुसला जातो आणि माझी तक्रार सगळ्यांत जास्त त्याविषयी आहे.

३. परंपरा आणि आधुनिकता ही मांडणी इथे कोलमडते

एका बाजूला जुनी हिंदू रूढी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी शिक्षण आणि इंग्रजी कायदा, अशी या खटल्याची मांडणी शाळेपासून आपल्या मनात असते. पण ज्या हत्याराने रखमाबाईंवर वार झाला ते घडवले होते कुठे? दांपत्यहक्कांच्या पुनःस्थापनाचा दावा इंग्लंडच्या चर्चच्या न्यायालयांतून आलेला. १८६७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने एका मुसलमान दांपत्याच्या प्रकरणात तो हिंदुस्थानात चालू शकतो असे ठरवले. हुकूम न मानल्यास कैद, ही तरतूद १८८२च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतली. पत्नीधर्मावर धर्मशास्त्राने कितीही पाने खर्ची घातली असोत, दिवाणी न्यायालय, बेलिफ आणि कैदखाना हा मार्ग त्याने दाखवलेला नव्हता. पिन्हींनी हेच दाखवून दिले होते: हा उपाय हिंदूंचा नव्हेच, तो आपण इथे आणला आहे.

आणखी एक गोष्ट. १८८४ मध्ये, म्हणजे दादाजींनी दावा लावला त्याच वर्षी, खुद्द इंग्लंडने कायदा करून या कारणासाठीची कैद बंद केली. १८८७ मध्ये लंडनच्या बाईला नांदायला नकार दिल्याबद्दल तुरुंगात टाकता येत नव्हते, मुंबईच्या बाईला येत होते. हिंदुस्थानात ही कैद १९२३ पर्यंत कायद्यात राहिली.

‘परक्या सरकारने आमच्या संसारात ढवळाढवळ करू नये’ हा त्या काळचा सर्वांत वजनदार आक्षेप होता, आणि लोकमान्य टिळकांसारखा माणूस तो मांडत होता म्हणून तो गंभीरपणे घेतला पाहिजे. गुलाम देशात सरकारच्या हाती समाजाच्या चाव्या देऊ नयेत, या भीतीला आधार होता. पण या खटल्यात सरकारच्या दारात आधी गेले कोण? दादाजी गेले. परक्या न्यायालयाने परक्या कायद्याने एका हिंदू स्त्रीला कैदेची धमकी दिली, तेव्हा हस्तक्षेपाविरुद्ध बोलणाऱ्यांना तो हस्तक्षेप वाटला नाही. तिच्या बाजूने कायदा बदला म्हटल्यावर मात्र वाटला. पंडिता रमाबाईंनी १८८७च्या आपल्या इंग्रजी पुस्तकात या खटल्याविषयी लिहिले. स्त्रीला ताब्यात ठेवण्यापुरते राज्यकर्ते आणि इथले पुरुष एकमेकांना सांभाळून घेतात, हे त्यांच्या लगेच ध्यानात आले होते. त्या पिढीत इतके स्वच्छ दुसऱ्या कुणी पाहिल्याचे मला आढळले नाही.

४. प्रश्न वयाचा नव्हता, मर्जीचा होता

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून थोडे थांबतो.

आपल्या भाषेत बाई ‘नांदते’ आणि पुरुष तिला ‘नांदवतो’. क्रियापदाच्या प्रयोजक रूपातच सगळा अधिकार बसलेला आहे. बाई नांदत नाही म्हटले की कारणे शोधली जातात: सासू वाईट, नवरा पितो, माहेरचे फूस लावतात. ‘तिला जायचे नाही’ हे कारण म्हणून कुठल्याच यादीत नसते.

रखमाबाईंच्या खटल्यात हेच घडले. दादाजींनी १८८७ मध्ये आपली बाजू मांडणारी पुस्तिका छापली. मालमत्तेसाठी माहेरच्यांनी बायकोला फितवले, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे विरोधकाच्या लेखी तिला स्वतःचे मन नव्हतेच, कुणीतरी ते भरवले होते. सहानुभूती असणाऱ्यांनीही आधार घेतला तो दादाजींच्या आजाराचा आणि गरिबीचा. तिच्या बचावातही ही कारणे होती आणि असणारच, कारण न्यायालयाला कारणे लागतात. पण त्या सगळ्यांखाली जे उरते ते फार साधे आहे. अकरा वर्षांच्या मुलीला कुणी विचारले नाही. विचार करण्याच्या वयाला आल्यावर तिने उत्तर दिले, आणि उत्तर ‘नाही’ होते. नवरा निरोगी असता, शिकलेला असता, पैसेवाला असता, तरी या ‘नाही’ची किंमत कमी का व्हावी?

सुधारकांनी याचे काय केले ते बघा. बेहरामजी मलबारींनी १८८४ मध्ये बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांवर टिपणे काढली होती. रखमाबाईंनी १८८५ मध्ये ‘हिंदू लेडी’ या टोपणनावाने ‘टाइम्स ऑफ इंडिया’त पत्रे लिहिली, त्यांनी वादाला बळ दिले. १८९० मध्ये बंगालमध्ये फुलमणी ही अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या शरीरसंबंधाने मेली. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मर्यादा दहावरून बारावर गेली. या दोन वर्षांसाठी देशभर रान पेटले. कायदा गरजेचा होता, फुलमणीसारख्या मुलींसाठी तर प्राणांइतका. पण तो रखमाबाईंच्या प्रश्नाचे उत्तर नव्हता. पहिला निकाल लागला तेव्हा त्या वीस वर्षांच्या होत्या. संमतीचे वय बारा असते, सोळा असते, तरी त्यांना काही उपयोग नव्हता. संमतिवयाच्या कायद्यात संमती हा शब्द नावापुरताच आहे. विवाहित मुलीला हो की नाही हे तो विचारतच नाही, शरीर तयार झाले की नाही एवढेच विचारतो. ठरलेली वर्षे भरली की संमती आपोआप धरून चालतो. रखमाबाईंनी लग्नाच्या वैधतेला हात घातला होता. कायद्याने शरीरसंबंधाचे वय दोन वर्षांनी पुढे ढकलले. एका प्रश्नाच्या जागी दुसरा ठेवला गेला आणि आपण त्याला पहिल्याचे यश म्हणत आलो.

५. सहा दिवसांचे अंतर

आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. फॅरन यांचा हुकूम ४ मार्चचा. मधे सहा दिवस. त्या आठवड्यात महाराष्ट्रासमोर दोन तरुण स्त्रिया होत्या. दोघींमध्ये वयाचे अंतर जेमतेम चार महिन्यांचे.

आनंदीबाईंनी पेनसिल्व्हेनियाच्या वुमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी घेतली आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात रुजू होण्याआधी त्या गेल्या. त्यांचे कष्ट आणि धाडस यांना उणे लेखण्याचा विचारही मनात येत नाही. पण आपल्या स्मृतीने दोघींना दिलेली जागा पाहण्यासारखी आहे. आनंदीबाईंचे चरित्र काशीबाई कानिटकरांनी लिहिले, श्री. ज. जोशींनी कादंबरी लिहिली, नाटक झाले, चित्रपट झाला. रखमाबाईंचे मोहिनी वर्दे यांनी लिहिलेले चरित्र १९८२ मध्ये आले. चित्रपट २०१६ मध्ये झाला, पण घरोघरी पोचला नाही. आनंदीबाईंचे शिक्षण लग्नाच्या आतून, नवऱ्याच्या हट्टाने झाले आणि अकाली मृत्यूने ती कथा पवित्र झाली. रखमाबाई लग्नाला नकार देऊन शिकल्या आणि नव्वद वर्षे जगल्या. लग्नाच्या चौकटीत बसणारी पहिलेपणाची कथा आपण जवळ केली, न बसणारी दूर ठेवली, असे मला वाटते. रखमाबाई पुढे सुरत आणि राजकोटच्या झाल्या हेही त्याला मदतीचे ठरले.

६. डॉक्टरकी: नकाराचा दुसरा भाग

नकार देणाऱ्या बाईला पुढचा प्रश्न विचारला जातो: मग खाणार काय, राहणार कुठे? १८८५च्या पत्रात रखमाबाईंची मुख्य तक्रार हीच होती की बालविवाहाने आपल्या आणि विद्येच्या मधे भिंत उभी केली. खटला संपताच त्यांनी त्या भिंतीपलीकडची वाट धरली. कामा रुग्णालयाच्या डॉ. एडिथ पीची यांनी बळ दिले, निधी उभा राहिला, इंदूरच्या शिवाजीराव होळकरांनी ५०० रुपये दिले. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या, तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. १९१८ मध्ये राजकोटच्या जनाना रुग्णालयाची सूत्रे घेतली आणि १९२०चे दशक संपेपर्यंत ती सांभाळली.

या वर्षांविषयी लिहिताना ‘सेवा’ हा शब्द येतो आणि लेखणी थांबते. सेवा होतीच. पण त्या काळी बाळंतपणात बाईला पुरुष डॉक्टर हात लावणार नाही आणि स्त्री डॉक्टर सापडणार नाही, म्हणून घरातल्या अंधाऱ्या खोलीत ती मरायची. १८८५ मध्ये लेडी डफरिन यांचा निधी सुरू झाला तो याच निकडीतून. बाईच्या शरीराविषयीचे सगळे निर्णय दुसऱ्यांनी घ्यायचे, या व्यवस्थेची ही दुसरी बाजू होती. तिच्या खाटेशी बसून तिलाच ‘कुठे दुखते?’ असे विचारणारी बाई तिथे पोचणे हे ४ मार्चच्या हुकमाला दिलेले उत्तर होते, आणि ते त्यांनी रोज दिले. निवृत्तीच्या सुमारास त्यांनी पडद्याच्या प्रथेविरुद्ध पुस्तिका लिहिली, हाही त्याच विचाराचा धागा आहे.

७. तीन आक्षेप

पहिला: रखमाबाईंकडे मालमत्ता होती, डॉक्टर बाप होता, इंग्रज मित्र होते. सामान्य बाईचे काय? आक्षेप खरा आहे आणि तो माझ्या मांडणीच्या बाजूने जातो. सखाराम अर्जुन पहिल्या निकालाआधीच, एप्रिल १८८५ मध्ये वारले. तरीही पैसा, नाव, इंग्रजी पत्रे, बचावासाठी उभी राहिलेली समिती, एवढे सगळे पाठीशी असून त्या हरल्या. मग ज्यांच्यापाशी काहीच नव्हते त्यांचा ‘नाही’ कुठल्या दप्तरात नोंदला गेला असेल?

दुसरा: दादाजींवरही अन्याय झाला. एकोणिसाव्या वर्षी त्यांना अटी घालून लग्नात बसवले, मग नापसंत केले. हे मला अंशतः मान्य आहे. बालविवाहाने मुलालाही विचारले नव्हते. पण त्यांच्यापुढे दुसरे लग्न होते, रखमाबाईंपुढे तुरुंग होता. हा फरक दादाजींनी केला नाही, कायद्याने केला. हुकूम मागायचा की नाही, ते मात्र त्यांच्या हातात होते.

तिसरा आक्षेप अवघड आहे. १९०४ मध्ये दादाजी वारल्यावर रखमाबाईंनी विधवेची पांढरी वस्त्रे घेतली असे सांगितले जाते. मग सगळा नकार कशासाठी? असे झाले असेल तर त्यामागे काय होते ते त्यांनाच ठाऊक. माझ्यापुरते मी असे समजतो: कुणाच्या हुकमाने जायचे नाही, हे त्यांचे भांडण होते. स्वतःच्या मनाने कुठला वेश घ्यायचा हाही त्याच मनाचा अधिकार आहे. ‘नाही’ म्हणणाऱ्या बाईने पुढची सत्तर वर्षे आपल्या सिद्धांताला शोभेल असेच वागले पाहिजे, ही अट आपण पुरुषांना घालत नाही.

८. कलम ९

हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ रोजी अमलात आला. रखमाबाई २५ सप्टेंबर १९५५ रोजी मुंबईत वारल्या. त्यांच्या आयुष्याच्या शेवटच्या चार महिन्यांत देशातल्या सगळ्या हिंदू स्त्रियांना घटस्फोटाचा हक्क मिळाला, आणि त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये दांपत्यहक्कांचे पुनःस्थापनही जसेच्या तसे आले. इंग्लंडने हा दावा १९७० मध्ये कायदा करून मोडीत काढला. आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये सरिता खटल्यात कलम ९ घटनाबाह्य ठरवले होते. पण १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरोज राणी खटल्यात ते वैध मानले, आणि ते आजही आहे.

यावर कायदेपंडित सांगतात की आता कैद नाही, दावा बायकोही करू शकते, आणि वर्षभर हुकूम पाळला गेला नाही तर त्याच आधारावर घटस्फोट मिळतो. म्हणजे हा मोकळे होण्याचा रस्ताच झाला. कागदावर हे बरोबर आहे. पण पोटगी मागणाऱ्या बाईला ‘मी नांदवायला तयार आहे, तीच येत नाही’ असे उत्तर देण्यासाठी हे कलम वापरले जाते, हे कौटुंबिक न्यायालयात वावरणारा कुणीही सांगेल. हुकूम धुडकावला तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. तुरुंग गेला, पण नांदणे ही न्यायालयाने हुकमाने करून घ्यायची गोष्ट आहे, ही समजूत गेली नाही.

रखमाबाईंचा मूळ मुद्दा कायद्यात यायला फार वेळ लागला. पंधरा वर्षांच्या आत लग्न लावलेल्या मुलीला अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी तो विवाह नाकारून घटस्फोट मागता येईल, अशी तरतूद १९७६ मध्ये झाली. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने, सज्ञान झाल्यावर दोन वर्षांच्या आत बालविवाह रद्द करून घेण्याचा हक्क दिला. दादाजींच्या वकिलाचे पत्र आले तेव्हा, मार्च १८८४ मध्ये, रखमाबाई एकोणीस वर्षांच्या होत्या. २००६चा कायदा तेव्हा असता तर त्या मुदतीत बसल्या असत्या. राणीला कुणी पत्र लिहिण्याची गरज उरली नसती.

दादाजींच्या वकिलाच्या त्या पत्रात मागणी एका ओळीची होती. आज तालुक्याच्या गावी वकील नवऱ्याच्या वतीने नोटीस पाठवतो, तेव्हाही ती तशीच असते: नोटीस मिळताच अमुक दिवसांत नांदावयास यावे, न आल्यास पुढील कारवाई केली जाईल.